ध्रुवीय अस्वलं फळं खाऊन जगत नाहीत

‘पांढरी अस्वलं 26 हजार झालीत, बर्फ वितळला तर जमिनीवर फळं-अंडी खातील, शिवाय ती पट्टीची पोहणारी, तेव्हा हवामानबदलाची भीती खोटी.’ हा मेसेज तासगावच्या आमच्या काकांनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि त्यांच्या आठवीतल्या नातवाने तो जसाच्या तसा विज्ञानाच्या प्रकल्पात उतरवला. म्हणून लिहितोय.

फळं-अंडी हा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो चटकन पटतो. या अस्वलाचं पोट सील या समुद्री प्राण्याच्या चरबीवर चालतं. सील श्वास घ्यायला बर्फातल्या भोकाशी येतो, तिथे ते दबा धरून बसतं. उघड्या पाण्यात सील त्याच्या हाती सहसा लागत नाही. आणि जमिनीवर काय होतं, याचा अंदाज बांधत बसायचं कारणच नाही. कॅनडात हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर 20 अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे बांधून उन्हाळ्यात सुमारे तीन आठवडे पाहिलं गेलंय. ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या विज्ञानपत्रिकेत 2024 साली ते छापून आलं. काही अस्वलं नुसती पडून राहिली, काहींनी रानफळं, पक्षी, हाडं, गवत, मिळेल ते खाल्लं. 20 पैकी 19 अस्वलांचं वजन घटलं, काहींचं दिवसाला 1.7 किलोपर्यंत! खाण्यातून मिळालं ते हिंडण्यात खर्च झालं. त्यात 1979 ते 2015 या काळात तिथले बर्फाविना दिवस सुमारे तीन आठवड्यांनी वाढलेत. पिल्लांना पाजणाऱ्या आईने हे तीन आठवडे कशावर काढायचे?

पोहतात, हे खरं. अलास्काच्या उत्तरेला 2008 मध्ये एक मादी सलग 9 दिवस, 687 किलोमीटर पोहली. दोन महिन्यांत तिचं 22 टक्के वजन गेलं आणि पिल्लूही गेलं.

राहिला 26 हजारांचा आकडा. तो खोटा नाही, मान्य. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेचा 2015 चा अंदाज आहे. पण त्याच वेळी आययूसीएनने या प्राण्याला ‘असुरक्षित’ ठरवलं, ते मेसेजवाल्याने गाळलं. शिवाय ही संख्या सावरायला शिकारीला बसलेला चापही कारण आहे, आणि तो बसला 1973 च्या करारामुळे, पाच देशांनी मिळून केलेल्या. कोळसा-तेलाच्या धुराला तसा चाप अजून बसलेला नाही. काही भागांतली अस्वलं आज ठीक आहेत, हेही खरं. पण कृष्णेला पूर आला म्हणून दुष्काळी जतच्या विहिरी भरत नाहीत. हडसनच्या त्याच पश्चिम किनाऱ्यावर 2016 मध्ये अंदाजे 842 अस्वलं होती, 2021 मध्ये 618.