संपत्तीकर वाढवून घ्यायचाय? या इंदुरात!

शेजाऱ्यांपेक्षा आपला संपत्तीकर कमी येतो, याची लाज वाटते? काळजी सोडा. एवढं करा.

करासाठी घरं मोजणाऱ्या सर्व्हेची पोरं आली की त्यांना गच्ची जरूर दाखवा. राजेंद्रनगरच्या आमच्या घरी मागच्या महिन्यात कुठल्याशा ठेकेदाराची दोन पोरं मोबाइल घेऊन आली. वर पापड-कुरडयांवर सावली पडावी म्हणून चार बांबूंवर पत्रा टाकलाय. टेप खिशातच राहिली. पत्र्याचा फोटो निघाला आणि पुढच्या बिलात आमच्या घराला पक्का पहिला मजला फुटला. विटा-सिमेंटचा खर्च वाचला, हेही नसे थोडके!

कायदा वाचू नका. मध्य प्रदेशाचा 1956 चा महापालिका अधिनियम चाळलात तर कर भाडेमूल्याच्या (घराला वर्षाला मिळेल असं धरलेल्या भाड्याच्या) 6 ते 10 टक्के असतो, स्वतः राहत असाल तर निम्मी सूट असते, असलं काहीबाही कळतं आणि झोप उडते.

वेळेवर तर मुळीच भरू नका. कर थकवा, लोक अदालतीत उशिराचा अधिभार माफ होतो.

तक्रार मात्र अवश्य करा, फिरणं होतं. खिडकीवरचे साहेब म्हणतात, "भाईसाब, ऊपर से फीड है." वर म्हणजे भोपाळ. भाडेमूल्य काढायचे नियम भोपाळचे, त्यात कलेक्टर गाइडलाइनची, म्हणजे जमीन-घरांच्या सरकारी दरांची, गाठ मारलेली. भोपाळला विचारा, ते दिल्लीकडे बोट दाखवतात: केंद्राच्या 15 व्या वित्त आयोगानं 2021-26 साठी अटच घातली, कराचे किमान दर ठरवा, वसुली राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या वेगानं वाढवा, नाहीतर पालिकांचं अनुदान विसरा. म्हणजे दरावर भोपाळचं लक्ष, वसुलीवर दिल्लीचं. आणि मापावर? मापावर कुणाचं? आम्ही स्वनिर्धारणात, म्हणजे आपला कर आपणच मोजून सांगताना, 10 टक्क्यांहून जास्त चुकलो तर फरकाच्या पाचपट दंड. त्या पोरांनी अख्ख्या मजल्याची चूक केली, त्यांना किती पट? शून्य. वर चूक सिद्ध करायची आम्हीच, नकाशा आम्हीच आणायचा, रांगेत आम्हीच उभं राहायचं!

पुरे झाली थट्टा. कर भरायला आम्ही नाही म्हणत नाही, आजवर एकही वर्ष थकवलेलं नाही. पण दर ठरवायला एवढी उतरंड आहे, तर दर वर्षी प्रत्येक झोनमधली शंभर घरं पुन्हा मोजायला भोपाळहून एक माणूस पाठवायला काय धाड भरते? चुकीच्या मापाचे पैसे ठेकेदाराच्या बिलातून कापा. आणि तक्रार निकाली निघेपर्यंत त्या वाढीव रकमेवर अधिभार लावायची हिंमत करू नका.