‘सगळं ऑटोमॅटिक आहे’ या मेसेजला एका वायरमनचं उत्तर

भाची जूनमध्ये नोकरीसाठी पुण्यात आली. कोथरूडला एका खोलीत एकटीच राहते. परवा तिनं एक मेसेज पुढे ढकलला: ‘पहिल्यांदाच एकटे राहताय? घाबरू नका, आता सगळं ऑटोमॅटिक आहे!’ खाली 10 मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी खूण, आणि शेवटी ‘आपल्या मुलामुलींना नक्की पाठवा’. त्याखाली तिचा प्रश्न, ‘मामा, बरोबर आहे ना?’ हाच मेसेज आधी सोसायटीच्या आणि मग शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर येऊन गेला होता, अंगठे घेऊन. घरगुती वायरिंगमध्ये माझी 27 वर्षं गेली. फोनवर सांगितलं असतं तर अर्धं ती विसरली असती, म्हणून लिहूनच काढतो.

मेसेज लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट असेल असं मला वाटत नाही. त्याची गफलत एकच आहे. घरात आपोआप बंद होणारं जे काही असतं, ते बहुतेक वायरला, मोटरला, टाकीला वाचवायला बसवलेलं असतं. माणसाला वाचवणारी वस्तू वेगळी, आणि भाड्याच्या खोलीत नेमकी तीच नसते.

‘बोर्डात एमसीबी असेल तर शॉकची भीती नाही.’ सगळ्यात जास्त अंगठे या मुद्द्याला होते, म्हणून इथं जरा थांबतो. एमसीबी म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा खटका. तो दोनच गोष्टी ओळखतो: ठरल्यापेक्षा जास्त लोड आणि शॉर्ट. लाइटच्या लाइनवर तो 6 किंवा 10 अँपिअरचा असतो. आता ओल्या हातानं कुणी 230 व्होल्टच्या फेजला, म्हणजे जिवंत वायरीला, चिकटलं आणि पाय ओल्या फरशीवर असले, तर अंगातून जाणारा करंट साधारण पाव अँपिअरच्या आतबाहेर असतो. माणसाचा जीव जायला त्याहून कितीतरी कमी पुरतो. पण एमसीबीला काय दिसतं? कुणीतरी 60 वॉटचा बल्ब लावला, एवढंच. तो कशाला पडेल? त्यातून करंटनं हाताचे स्नायू आवळले जातात, मूठ सुटत नाही. घरात दुसरं कुणी असेल तर धावत जाऊन मेन पाडेल. एकटीच्या खोलीत ते कोण करणार?

हे काम आरसीसीबीचं. आमच्यातले जुने लोक अजूनही तिला ईएलसीबीच म्हणतात. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांचा हिशेब ती सतत लावत असते. त्यात 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की पापणी लवायच्या आत लाइन तोडते. ओळखायची कशी? तिच्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबलं की घरातली वीज गेली पाहिजे. गेली नाही तर ती नुसती शोभेला बसलीय. महिन्यातून एकदा दाबून बघायचं. आणि हिलाही मर्यादा आहे बरं का: एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, धरली, तर हिशेब बरोबर जुळतो आणि ती गप्प बसते. म्हणून आरसीसीबी आहे म्हणून उघड्या वायरीला हात लावायचा नाही.

‘तिसरी पिन नावापुरती असते, दोन पिनवरही सगळं चालतं.’ चालतं, हे खरं. मिक्सर फिरतो, फ्रीज गार होतो. म्हणूनच तर लोक फसतात. थ्री पिनचा प्लग हातात घेऊन नीट बघा. वरची पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड आहे. कारण घालताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं. फ्रीजच्या आत वायरचं कव्हर कुठं घासलं आणि फेज पत्र्याला टेकली, तर हीच पिन तो करंट जमिनीत नेते. ती नसेल तर करंट पत्र्यावर वाट बघत बसतो, दार उघडणाऱ्या हाताची.

मागच्या वर्षी अभ्यासाला आलेल्या तिघा मुलांच्या खोलीत गेलो होतो. बादलीत पाणी तापवायच्या रॉडच्या वायरीला प्लगच नव्हता. दोन सोललेली टोकं सॉकेटमध्ये खुपसलेली, त्यांना काडेपेटीच्या काड्यांची पाचर, आणि अर्थिंगच्या भोकात पेनाची कांडी, सॉकेटच्या भोकांमागची झापडं उघडी राहावीत म्हणून. हिरवी वायर गुंडाळून मागं चिकटपट्टीनं दाबलेली. एक काडी टोकाला काळी पडली होती. मुलं हुशार होती, मला समजावून सांगत होती की लाल नि काळी वायर पुरते. नवा प्लग किती महाग असतो? त्यांच्या दोन दिवसांच्या चहाएवढा.

रॉडचा विषय निघालाच आहे, तर मेसेजमधला त्याचा मुद्दाही घेऊ: ‘बादली प्लास्टिकची असेल तर पाण्यात बोट घालून बघायला हरकत नाही.’ हरकत आहे. बादली प्लास्टिकची असली तरी पाणी प्लास्टिकचं नाही. रॉडच्या नळीला बारीक चीर गेली की पाण्यातच करंट उतरतो. लोखंडी बादली तर त्याहून वाईट, बाहेरून हात लागला तरी पुरे. आधी रॉड खुणेपर्यंत पाण्यात, मग बटण चालू. काढताना बटण बंद, प्लग बाहेर, मगच पाण्याला हात. नुसतं बटण का पुरत नाही? जुन्या खोल्यांमध्ये बटण चुकून न्यूट्रलवर टाकलेलं मी कितीदा पाहिलंय. बटण बंद, दिवा बंद, आणि फेज रॉडपर्यंत जिवंत. शिवाय रॉड आपोआप बंद होत नाही. साध्या रॉडला थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की वीज तोडणारा भाग, नसतोच. 1500 वॉटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो, म्हणजे 6 अँपिअरच्या लहान सॉकेटचं ते कामच नाही.

तोच हिशेब ‘सहा पॉइंटचं एक्स्टेंशन म्हणजे सहा वस्तू’ या मुद्द्याला. पॉइंट सहा असले तरी वायर एकच आहे, आणि तिची ताकद साधारण 6 अँपिअर, म्हणजे 1400 वॉटच्या आत. त्यावर मोबाइल, लॅपटॉप, टेबल फॅन खुशाल लावा. केटल आणि इस्त्री एकदम लावली की झालं 2500 वॉट. इंडक्शन तर एकटंच 2000 वॉट ओढतं. त्याला भिंतीतला 16 अँपिअरचा मोठा सॉकेटच हवा. आणि लांब एक्स्टेंशनची उरलेली वायर गुंडाळी करून पलंगाखाली सरकवायची नाही. गुंडाळीत उष्णता कोंडते, वरून गादी.

‘विजेच्या गीझरला ऑटो कट असतो, चालू ठेवूनच अंघोळ करा.’ थर्मोस्टॅट असतो, तो पाणी तापलं की बंद होतो, हे बरोबर. पण त्याचे कॉन्टॅक्ट कधीकधी चिकटतात, आणि तो पाण्याचं तापमान बघतो, गळतीचा करंट बघत नाही. पाणी तापवा, बटण बंद करा, मग अंघोळीला जा. एवढंच.

‘गॅस गीझर सगळ्यात सुरक्षित, कारण त्यात वीज नाही.’ हे वाचून मात्र हात थांबला. वरच्या सगळ्या चुकांमध्ये निदान काहीतरी कळतं. झिणझिण्या येतात, जळका वास येतो. इथं काहीच कळत नाही. गॅस जळायला हवा लागते. बंद बाथरूममधली हवा कमी पडली की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, पाय लटपटतात, आणि आपल्याला वाटतं गरम पाण्यानं गुंगी आली. दार आतून बंद. मुंबई, पुणे, नाशिक, कुठल्याही हिवाळ्यात पेपरात ही बातमी असते. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणायचा. खोली बघायला गेल्यावर बाथरूमच्या आतच तो टांगलेला दिसला, तर भाडं कितीही कमी असो, मालकाला आधी तो बाहेर काढायला सांगा.

‘गॅसचा वास आला की लगेच एक्झॉस्ट फॅन लावा.’ नको! एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो खाली फरशीवर पसरतो, ओट्याखाली साठतो. फॅन वर छतापाशी. तो खालचा गॅस काढणार कसा? उलट बटण दाबताना आत बारीक ठिणगी पडते, आणि हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गॅस असला तरी तेवढी ठिणगी पुरते. म्हणून जे बंद आहे ते बंद राहू दे, जे चालू आहे ते चालू राहू दे. फ्रीजच्या बटणालासुद्धा हात नको. शेगडी आणि रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या सताड उघडी, आणि बाहेर पडून मग 1906 या गॅसगळतीच्या तातडीच्या नंबरला फोन. खोलीत उभं राहून नाही.

‘सिलिंडरवरचं अक्षर आणि आकडा म्हणजे गॅसची एक्सपायरी.’ गॅसला एक्सपायरी नसते. डी-27 म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर 2027 मध्ये त्या टाकीची तपासणी आहे. तारीख उलटलेला सिलिंडर घेऊ नका, पण स्फोटाच्या भीतीनं रात्रभर जागूही नका. त्यापेक्षा नारिंगी नळीवरची तारीख बघा. ती 5 वर्षांनी बदलायची असते, आणि ती कुणीच बघत नाही.

‘गावी जाताना सगळं कपाटात बंद करून जा.’ सिलिंडर कपाटात? गळती झाली तर गॅस आतच कोंडून राहील. तो उभा, मोकळ्या हवेत, रेग्युलेटर बंद. फ्रीज रिकामा करून बंद ठेवणार असाल तर आतून कोरडा पुसा आणि दार किंचित उघडं ठेवा, नाहीतर परत आल्यावर रबरावर काळी बुरशी. इस्त्री गार होऊ द्या आणि वायर सैल गुंडाळा. इस्त्रीची वायर नेहमी मानेपाशी तुटते, आवळून गुंडाळल्यामुळेच.

दहावा मुद्दा होता, रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करा. हा बरोबर आहे, तंतोतंत.

हे सगळं भाचीला पाठवलं आणि तिच्या मीटरपाशी असलेल्या बोर्डाचा फोटो मागवला. फोटोत तीन एमसीबी ओळीनं बसलेत, त्यांच्या शेजारी एक रिकामी जागा आहे आणि तिथं मालकानं गणपतीचा स्टिकर लावलाय. टेस्टचं बटण कुठंच नाही. रविवारी येतो म्हणून कळवलंय. मालकाला पैसे मागायचे की नाहीत, ते ती विचारतेय.