30 डिग्रीची बॅटरी

माझ्या रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाच्या बॅटरीवर छापलेला 30 सी हा आकडा तापमानाचा आहे, अशी मैदानावर येणाऱ्या बऱ्याच मंडळींची आता पक्की समजूत झाली असून ती दूर करण्याचे सर्व सनदशीर मार्ग माझ्यापुरते संपले आहेत. या समजुतीचे जनक एक वयस्कर गृहस्थ आहेत. त्यांना विमानातले काही कळत नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांना ते न कळताही सांगता येते आणि लोकांना ते पटते, ही माझी तक्रार आहे.

वेगाने उडणाऱ्या विद्युत विमानात मोटर, प्रोपेलर आणि बॅटरी या तिघांपैकी एकालाही स्वतंत्रपणे निवडता येत नाही. एकाला हात लावला की उरलेले दोघे रुसतात. मी 2200 केव्हीची मोटर, 6 इंच व्यासाचा आणि 6 इंच पिचचा प्रोपेलर आणि तीन सेलची लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, असे त्रिकूट मोठ्या विचाराने जुळवले होते, आणि ते जोडून मी प्रवाह आणि शक्ती मोजणाऱ्या वॉटमीटरकडे पाहत होतो तेवढ्यात गृहस्थ मागे येऊन उभे राहिले.

"पंखा फारच बारका आहे हो," ते म्हणाले. "छताचा पंखा बघा केवढा असतो, म्हणून तर वारा लागतो."

मी नम्रपणे सांगितले की मला वारा नको आहे, वेग हवा आहे. प्रोपेलर एका फेऱ्यात हिशेबाने जितके पुढे सरकेल ते त्याचे पिच; भाराखाली मिनिटाला 19,000 फेरे धरले, तर 6 इंच पिचमागे ताशी सुमारे 174 किलोमीटर निघतात, आणि विमान प्रत्यक्षात बहुधा त्याच्या थोडे खालीच राहते. व्यास 6 चा 7 इंच केला तर तितक्याच फेऱ्यांना लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते, वेगात मात्र फारसा फरक पडत नाही आणि मोटर तेवढी भाजून निघते. हे सगळे त्यांनी मान हलवत ऐकले. मला वाटले, पटले. ते मोटरवरची अक्षरे वाचत होते.

"बावीसशे केव्ही? किलोव्होल्ट?" असे म्हणून त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या, त्यांच्या कोणीही न लागणाऱ्या एका मुलाला कॉलरला धरून दोन पावले मागे ओढले. "आणि तुम्ही उघड्या हाताने धरलंय?"

केव्ही म्हणजे भार नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे, इतकेच. तीन सेलचे 11.1 व्होल्ट गुणिले 2200 म्हणजे 24,420 फेरे. मी हा गुणाकार मोठ्याने करून दाखवला. पण एव्हाना माणसे जमली होती, आणि गुणाकार करणारा माणूस व मुलाचा जीव वाचवणारा माणूस यांच्यात जमाव कोणाची बाजू घेतो हे वेगळे सांगायला नको.

मग त्यांची नजर बॅटरीवर गेली. "तीस सी. म्हणजे तीस डिग्री. म्हणजे थंडीत ही चालणार नाही," असा निकाल त्यांनी दिला आणि त्या मुलाला समजावले, "बाळा, काकांनी उन्हाळ्याची बॅटरी आणली आहे."

मी त्यांना सांगितले की 2200 मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीवरचा 30 सी म्हणजे तिच्या क्षमतेच्या 30 पट, अर्थात 66 अँपिअर प्रवाह ती सलग देऊ शकते, असा दावा. दावा हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण इथे माझीही जखम ओली आहे. लेबलावरच्या 66 अँपिअरच्या भरवशावर खरोखर 66 अँपिअर ओढायला गेलात तर व्होल्टेज खाली बसते, बॅटरीचे पाकीट फुगते आणि विकणारा तुमच्याच चार्जरकडे बोट दाखवतो. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरवरही सलग प्रवाहाचा आकडा बारीक अक्षरांत असतो आणि क्षणिक प्रवाहाचा ठळक. तो क्षण किती सेकंदांचा, हे पुष्कळदा कुठेच लिहिलेले नसते. एवढ्यावर भागत नाही म्हणून एखादा जाणकार सुचवतो की तीनऐवजी चार सेल लावा. त्याच मोटरला त्याच प्रोपेलरवर चार सेल लावले तर तीन सेलवर ओढले जाणारे 40 अँपिअर हिशेबाने 70 च्या घरात जातात, शक्ती दुपटीहून अधिक लागते आणि या सगळ्या जाळपोळीच्या बदल्यात फेरे फार तर एक तृतीयांशाने वाढतात. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने, त्यामुळे वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट हवी. हे लेबल छापणाऱ्यांना ठाऊक नसते असे मी मानत नाही. तात्पर्य, आम्ही हौशी माणसे घासाघीस करून घेतलेले आकडे घरी आणून वॉटमीटरवर पुन्हा तपासतो, आणि तिथेही धड उत्तर मिळत नाही. कारण व्यासाइतकेच पिच असलेल्या प्रोपेलरची पाती विमान जागच्या जागी असताना हवेची नीट पकड घेत नाहीत, जमिनीवर प्रवाह जास्त दिसतो आणि आकाशात उतरतो. तिथे मीटर वाचायला कोण जाणार?

गृहस्थांच्या विधानातली खरी बोच मात्र वेगळीच आहे. लायपो थंडीत खरोखरच कमजोर पडते. गारठलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, थ्रॉटल देताच व्होल्टेज कोसळते, आणि म्हणून जाणती माणसे हिवाळ्यात ती उडवण्यापूर्वी ऊबेत ठेवतात. म्हणजे समूळ चुकीच्या वाटेने हा माणूस बरोबर मुक्कामी पोहोचला होता, आणि ही गोष्ट कबूल करण्याइतका मोठेपणा त्या वेळी माझ्यात नव्हता. मी फक्त "तसं काही नसतं" असे पुटपुटलो. ते हसले. जमावही हसला.

शेवटी मी विमान हातातून सोडले. ते मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे किंचाळत गेले आणि वळून डोक्यावरून परत आले. ज्यासाठी हा सगळा खटाटोप होता तो आवाज अंगावर काटा आणत होता, तेवढ्यात गृहस्थ मोबाईल उंचावून ओरडले, "अहो, जरा हळू घ्या, फोटोत नुसती रेघ येतेय!"

या विमानाचे पंख लहान आहेत आणि वजन त्या मानाने जास्त, त्यामुळे हळू घेतले तर ते खाली पडेल, असे मी नजर न हटवता सांगितले. त्यांनी मोबाईल खाली घेतला, विमान सोडून माझ्याकडे पाहिले आणि अत्यंत आपुलकीने विचारले, "मग घेतानाच हळू उडणारं का नाही घेतलंत?"