पायरेटेड पिक्चर बघितला म्हणून 3 वर्षं जेल? कोणी सांगितलं?

"टोरंट साइट नुसती उघडली तरी 3 वर्षं जेल आणि 3 लाख दंड, सगळ्या ग्रुपवर टाका" हा मेसेज परत फिरायला लागलाय. अरे हा 2016 चा माल आहे. तेव्हा ब्लॉक केलेली साइट उघडली की एक नोटीस यायची, तिच्यात बघणं, डाउनलोड करणं, कॉपी वाटणं सगळं एकाच दावणीला बांधलेलं, त्यावरून बातम्या झाल्या आणि लोकांची तंतरली.

"बघणं हाच गुन्हा आहे." नाही! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'ढिशूम' पिक्चरच्या केसमध्ये मुंबई हायकोर्टाचे न्या. गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं की गुन्हा बघण्यात नाही, परवानगी नसताना वाटण्यात, जाहीर दाखवण्यात, विकण्यात किंवा भाड्याने देण्यात आहे, आणि नोटीस सुधारायला लावली.

"3 लाख दंड." नोटीसमध्ये कॉपीराइट कायद्याचं 63 कलम होतं, ते वाचा की, 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि दंड 50 हजार ते 2 लाख. 3 लाखांचा आकडा त्या नोटीसमध्येच छापलेला होता, पण तिच्यातल्या बाकीच्या कलमांतही 3 लाख नव्हते, कुठून काढले देव जाणे.

"पण 2023 ला नवीन कायदा आला ना." आला, आणि सिनेमॅटोग्राफ कायद्यात आता खरंच किमान 3 लाख दंड आहे, वर निर्मिती खर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, कैद 3 महिने ते 3 वर्षं. पण कोणाला? थिएटरात बसून रेकॉर्डिंग करणाऱ्याला आणि चोरीची कॉपी नफ्यासाठी लोकांना दाखवणाऱ्याला. घरात सोफ्यावर बसून बघणाऱ्याचं त्यात नावच नाही.

"ब्लॉक करून काय उपयोग, उद्या दुसऱ्या नावाने येतेच." येते, मान्य. म्हणूनच 2019 ला दिल्ली हायकोर्टाने अशी सोय केली की त्याच साइटची नवीन नक्कल आली तर पुन्हा पहिल्यापासून दावा लावायला नको. पुरतं का? माझ्या मते नाही, पण निशाणा तरी बरोबर जागी आहे.

आता दुसऱ्या टोकाचे शहाणे, "कोर्टानेच सांगितलंय, बिनधास्त डाउनलोड करा." असं कोर्टाने कुठेही म्हटलेलं नाही हो! डाउनलोड म्हणजे नवीन कॉपी बनवणं, आणि टोरंटमध्ये तुम्ही नुसते घेत नसता, आलेले तुकडे त्याच वेळी तुमच्या मशीनवरून दुसऱ्यांना जात असतात, म्हणजे तुम्ही वाटतच असता, आणि टोरंटचं ॲप (क्लायंट) बंद केलं नाही तर पिक्चर बघून झाल्यावरसुद्धा अपलोड चालूच राहतं.