‘पिसांग’ आणि चव्वेचाळीस माणसे : आफ्रिकान्सविषयी फिरणाऱ्या एका मजकुराचा प्रतिवाद

गेल्या महिन्यात माझ्या भाचीच्या तीन वर्षांच्या मुलाने व्हिडिओ कॉलवर आजीला हातातले केळे दाखवले आणि ‘पिसांग’ असे ठासून सांगितले. भाची केपटाऊनला नोकरी करते. दिवसभर मुलाला शेजारच्या एक बाई सांभाळतात आणि त्यांच्या घरची भाषा आफ्रिकान्स आहे. आजी, म्हणजे माझी ताई, तेव्हा हसली. पण दोनच दिवसांनी तिच्या गटावर ‘दक्षिण आफ्रिकेत मुले असणाऱ्यांनी जरूर वाचा’ असा एक लांबलचक मजकूर आला, आणि तो वाचून तिने भाचीला फोनवर बजावले, की त्या बाईंना सांग, आमच्या मुलाशी या भाषेत बोलू नका. हा मजकूर आमच्याच नात्यातल्या तीन गटांवर फिरून माझ्यापर्यंत आला आहे. एका बाईला स्वतःच्या मातृभाषेत तोंड उघडायची बंदी घालण्यापर्यंत एखादी अफवा पोचत असेल, तर तिला लेखी उत्तर द्यायला हवे.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे : आफ्रिकान्स ही फक्त गोऱ्यांची, वर्णद्वेषाची भाषा असून गोऱ्यांखेरीज ती कोणी बोलत नाही, आणि सावळ्या माणसापुढे तिच्यातला एक शब्द काढणे म्हणजे त्याचा अपमान करणे होय, १९९४ साली मंडेलांच्या सरकारने तिचा दर्जा काढून घेतला, ती स्वतंत्र भाषा नसून मोडकी डच आहे, आता जगात ती बोलणारी चव्वेचाळीस माणसे उरली आहेत, आणि दक्षिण आफ्रिकेबाहेर तिचे नावही कोणाला ठाऊक नाही.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे, म्हणून त्याच्यावरच मी अधिक वेळ घालवणार आहे. दक्षिण आफ्रिकेच्या २०११ च्या जनगणनेत प्रत्येकाची घरची पहिली भाषा नोंदवली गेली आणि तिचे आकडे लोकगटांनुसार प्रसिद्ध झाले. आफ्रिकान्स ही पहिली भाषा सांगणारे लोक ६८ लाख ५५ हजार होते, म्हणजे लोकसंख्येच्या साडेतेरा टक्के. झुलू आणि खोसा यांच्यानंतर देशात तिचा तिसरा क्रमांक लागला, इंग्रजी ९.६ टक्क्यांवर, तिच्या मागे होती. आता या अडुसष्ट लाखांत गोरे किती? २७ लाख १० हजार. तिकडच्या सरकारी वर्गवारीत ज्यांना ‘कलर्ड’ म्हणतात, म्हणजे तिथले मूळ रहिवासी खोईखोई, गुलाम म्हणून आणलेले आशियाई व आफ्रिकी लोक आणि युरोपीय अशा अनेक वंशांतून घडलेला समाज, त्यातले किती? ३४ लाख ४२ हजार. शिवाय कृष्णवर्णीय आफ्रिकी ६ लाखांच्या वर. थोडक्यात, ज्यांची ही मातृभाषा आहे त्यांच्यात गोरे चाळीस टक्केसुद्धा भरत नाहीत. उलट बाजूने पाहिले तरी तेच दिसते : कलर्ड समाजातल्या दर चौघांपैकी तिघांच्या घरात आफ्रिकान्स बोलली जाते, तर गोऱ्यांत दहांपैकी सहांच्या, उरलेल्या गोऱ्यांपैकी बहुतेकांची भाषा इंग्रजी आहे. ‘गोऱ्यांची भाषा’ ही ओळख जर एखाद्या भाषेला लावायचीच असेल, तर ती निदान या आकड्यांपुढे टिकली पाहिजे, आणि ती टिकत नाही.

मुलाला सांभाळणाऱ्या त्या बाई याच कलर्ड समाजातल्या, केपटाऊनच्या मुस्लिम कुटुंबातल्या आहेत. त्यांच्या आईवडिलांचे घर डिस्ट्रिक्ट सिक्स या भागात होते. १९६६ साली सरकारने तो भाग गोऱ्यांसाठी राखीव ठरवला, साठ हजारांहून अधिक माणसांना तिथून उठवून शहराबाहेरच्या वाळूच्या सपाटीवर, केप फ्लॅट्सवर, नेऊन टाकले आणि घरे बुलडोझरने पाडली. ज्यांना वर्णद्वेषाने घरातून बाहेर काढले, त्यांच्याच तोंडची भाषा ‘वर्णद्वेषाची’ म्हणून त्यांना गप्प बसवायचे, हे मला सहन होत नाही. मी मागल्या वर्षी तिथे पंधरा दिवस राहिलो, तेव्हा या बाईंनी मला दोन शब्द आवर्जून शिकवले : ‘कृपया’साठी ‘कनाला’ आणि ‘आभारी आहे’साठी ‘त्रामकासी’. दोन्ही मलायकडून आलेले आहेत आणि केपच्या मुस्लिम घरांत आजही चालतात. वयाने मोठ्या बाईला तिथली मुले नावाने हाक मारत नाहीत. आपल्याकडे जशी मावशी, तशी तिथे ‘टॅनी’ किंवा ‘आन्टी’, आणि पुरुषाला ‘ओम’, म्हणजे काका. आपल्या मुलाला हे वळण लागत असेल तर त्यात आजीला काळजी वाटण्यासारखे काय आहे, हे मला अजून समजलेले नाही.

या मुद्द्यात एक अर्धसत्य आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वर्णद्वेषी सरकारने आफ्रिकान्सचा हत्यारासारखा वापर केला, हे खरे आहे. १९७४ च्या आदेशाने कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांत निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिकवण्याची सक्ती झाली. जी भाषा ना मुलांना नीट येत होती ना बहुतेक शिक्षकांना, तिच्यातून गणित शिकण्याची ती सक्ती होती. १६ जून १९७६ रोजी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली मुले याविरुद्ध रस्त्यावर उतरली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पुढल्या काही महिन्यांत देशभर शेकडो माणसे मारली गेली. सोवेटोत वाढलेल्या एखाद्या आजोबांना ही भाषा कानावर पडताच कडवटपणा येत असेल, तर त्यांना तो हक्क आहे. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केपच्या कलर्ड शाळांतली आणि वेस्टर्न केप विद्यापीठातली मुलेही बाहेर पडली, आणि त्यांतल्या कित्येकांची मातृभाषा आफ्रिकान्सच होती. सरकारची भाषा आणि माणसांची भाषा यांतला हा फरक मजकूर लिहिणाऱ्याने पुसून टाकला आहे.

भाषा कुठे बोलली जाते, याविषयी मजकुरात एक नकाशाही जोडलेला आहे आणि त्यात देशाचा पश्चिमेकडचा जवळजवळ निम्मा भाग एकाच रंगाने भरलेला आहे. नकाशा ढोबळमानाने बरोबर आहे; त्यावरून ‘निम्म्या देशावर गोऱ्यांचा ताबा’ असा जो निष्कर्ष काढला आहे, तो चुकीचा आहे. देशाचा पश्चिम भाग कोरडा आहे आणि तिथे वस्ती अतिशय विरळ आहे. नॉर्दर्न केप हा प्रांत क्षेत्रफळाने आपल्या महाराष्ट्राहून मोठा आहे आणि २०११ साली त्यात राहत होती जेमतेम साडेअकरा लाख माणसे. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांची पहिली भाषा आफ्रिकान्स आहे, म्हणून नकाशावर एवढा मोठा पट्टा रंगतो. पण माणसे मोजली तर ती सहा लाखांच्या आसपास भरतात. जोहान्सबर्ग आणि प्रिटोरिया ज्यात येतात तो गाउटेंग प्रांत नकाशावर अंगठ्याच्या नखाएवढा दिसतो, आफ्रिकान्स तिथे अल्पसंख्य म्हणजे १२ टक्क्यांवर होती, तरी तिचे बोलणारे तिथे १५ लाख होते. सर्वाधिक, २८ लाख, वेस्टर्न केपमध्ये. याउलट क्वाझुलू-नाताळमध्ये जेमतेम दीड टक्का. डर्बन याच प्रांतात आहे आणि भारतीय वंशाचे बहुसंख्य लोक तिथेच राहतात, त्यामुळे आपल्याकडचे जे नातेवाईक डर्बनला जाऊन येतात ते ‘आम्हाला तर ही भाषा कुठे ऐकू आली नाही’ असे सांगतात, आणि ते खोटे बोलत नसतात.

ही विभागणी अशी का झाली, याचे उत्तरही सरळ आहे. १६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने नैर्ऋत्य टोकाशी, आजच्या केपटाऊनला, ठाणे वसवले आणि भाषा तिथून उत्तरेकडे व पूर्वेकडे गुरे राखणाऱ्यांबरोबर सरकत गेली. पश्चिमेला तिला खोईखोई व नामा लोक भेटले. त्यांची वस्ती पातळ होती, देवीच्या साथींनी ती आणखी खचली, आणि त्यांचे वंशज हळूहळू आफ्रिकान्स बोलू लागले. पूर्वेला मात्र खोसा, झुलू, सोथो, त्स्वाना या भाषा बोलणारे शेतकरी दाट वस्तीने शतकानुशतके राहत होते. १८३० च्या दशकानंतर बोअर लोकांचे, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्यांचे, तांडे बैलगाड्यांनी आत शिरले, त्यांनी जमिनी घेतल्या, प्रजासत्ताके काढली. पण तिथल्या बहुसंख्यांची भाषा काही बदलली नाही. म्हणून पूर्वेत आफ्रिकान्स गोऱ्यांच्या शहरांपुरती आणि शेतांपुरती दिसते, आणि पश्चिमेत ती साऱ्या वर्णांची आहे. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा पूर्व पाहिली असावी आणि तीच साऱ्या देशाला लावली असावी.

‘मोडकी डच’ या मुद्द्याला मी फार किंमत देत नाही, कारण मराठीला कोणी मोडकी संस्कृत म्हटले तर आपण काय म्हणू, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. डचमधून ती निघाली हे खरेच आहे. पण तिचे रूप घडले ते केपच्या स्वयंपाकघरांत, गोठ्यांत आणि गोदीवर, जिथे बंगाल, मलबार, कोरोमंडल, मादागास्कर आणि इंडोनेशियाच्या बेटांवरून आणलेले गुलाम, खोईखोई नोकर आणि डच मालक यांना एकमेकांशी बोलावे लागत होते. डचमध्ये केळ्याला ‘बनान’ म्हणतात. ‘पिसांग’ हा मलाय शब्द आहे. ‘पुष्कळ’ या अर्थाचा, दिवसात शंभरदा येणारा ‘बाया’ हाही मलायमधून आला. तुरुंगाला आफ्रिकान्समध्ये ‘ट्रोंक’ म्हणतात. तो पोर्तुगीज ‘त्रोंको’चा अवतार आहे, आणि आपला ‘तुरुंग’ही त्याच पोर्तुगीज शब्दावरून आला असे मानले जाते. बाई एकदा भाचीशी कोणा पुतण्याविषयी बोलत होत्या, त्यात ‘ट्रोंक’ ऐकताच मला न विचारता अर्थ कळला. ताईला ज्या शब्दाने धक्का बसला, तो ‘पिसांग’ तर गोऱ्यांनी आणलेलाच नाही.

आणि लेखनाचे म्हणाल, तर १८७५ मध्ये पार्ल येथे गोऱ्या मंडळींनी भाषेसाठी संस्था स्थापली आणि पुढल्या वर्षी वर्तमानपत्र काढले, हे सगळीकडे सांगितले जाते. त्याआधीच केपटाऊनच्या मदरशांत मुलांना आफ्रिकान्स अरबी लिपीत लिहायला शिकवत होते. ऑटोमन सुलतानाने १८६२ साली केपला पाठवलेले विद्वान अबू बक्र एफेंदी यांनी १८६९ मध्ये धर्माचरणावरचा एक ग्रंथ याच लिपीत आफ्रिकान्समध्ये लिहिला आणि १८७७ साली तो इस्तंबूलला छापला गेला. या भाषेच्या सर्वांत जुन्या पुस्तकांत त्याची गणना होते.

१९९४ साली दर्जा काढून घेतला, हे सपशेल खोटे आहे. १९२५ पासून आफ्रिकान्स अधिकृत भाषा आहे. १९९४ पर्यंत देशपातळीवर इंग्रजी आणि ती अशा दोनच अधिकृत भाषा होत्या, त्यानंतर अकरा झाल्या, आणि २०२३ मध्ये सांकेतिक भाषा ही बारावी आली. तिचा विशेषाधिकार गेला आणि समान दर्जा राहिला. विद्यापीठांतली तिची जागा आक्रसली आहे, हे मी मान्य करतो : स्टेलेनबॉशने इंग्रजीला प्राधान्य देणारे धोरण आणले आणि २०१९ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ते उचलून धरले. पण त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये युनिसा विद्यापीठाने आफ्रिकान्स काढून टाकली ती बेकायदा ठरवली. ज्या भाषेसाठी देशाचे सर्वोच्च न्यायालय असे निकाल देते, तिला दर्जा नाही असे म्हणता येत नाही.

चव्वेचाळीस माणसांचा आकडा मात्र आकाशातून पडलेला नाही. मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या आणि आफ्रिकान्स घरात वाढलेल्या अभिनेत्री चार्लीझ थेरॉन २०२२ साली एका मुलाखतीत सहज बोलण्याच्या ओघात तसे म्हणून गेल्या आणि त्यावरून त्यांच्या देशात मोठे वादळ उठले. गप्पांतली अतिशयोक्ती कोणीतरी उचलून आकडेवारी म्हणून छापली. भाषेची घसरण होते आहे का? काही प्रमाणात होय. २०२२ च्या जनगणनेत पहिली भाषा आफ्रिकान्स सांगणाऱ्यांचे प्रमाण १०.६ टक्के नोंदले गेले आणि वेस्टर्न केपमध्ये ते पन्नासाच्या जवळून एकेचाळीसवर आले. या जनगणनेत सुमारे ३१ टक्के लोक मोजणीतून सुटल्याचे खुद्द सांख्यिकी विभागाने म्हटले आहे, त्यामुळे हे आकडे जपून वापरावे लागतात. पण ईस्टर्न केपमधून येणारी खोसाभाषक कुटुंबे आणि मुलांना इंग्रजीत घालणारे आईबाप, हे दोन्ही तिथे डोळ्यांना दिसते. तरी ती बोलणारी साठ लाखांहून अधिक माणसे आहेत.

देशाबाहेर कोणी ओळखत नाही, हा शेवटचा मुद्दा नामिबियात पाऊल ठेवलेला माणूस लिहूच शकला नसता. १९१५ ते १९९० एवढा काळ तो प्रदेश दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता. स्वातंत्र्यानंतर तिथे एकटी इंग्रजी अधिकृत झाली, तरी विंडहुकच्या बाजारात वेगवेगळ्या भाषांची माणसे एकमेकांशी आजही आफ्रिकान्समध्ये बोलतात, आणि रेहोबोथच्या बास्टर समाजाची तर ती मातृभाषाच आहे. हा समाजही गोरा नाही. बोट्सवानाच्या घान्झी भागात, ऑस्ट्रेलियात स्थलांतरितांच्या घरांत, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बोअर कुटुंबे जाऊन वसली त्या अर्जेंटिनाच्या चुबुत प्रांतात थोड्या वृद्धांच्या तोंडी ती आहे.

भाचीने त्या बाईंना काहीही सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही, असे तिने मला कळवले आहे. ताईने तो मजकूर ज्या तीन गटांवर पाठवला, त्या तिन्ही गटांवर आता हे उत्तरही पाठवावे, एवढी माझी तिला विनंती आहे.