समुद्र हा काय इथेच

आमच्या घरात समुद्राला कोणाचाच विरोध नाही. दिवेआगरला जायचं, शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकायची, पुण्याहून ताम्हिणी घाटाने खाली उतरायचं, इथपर्यंतचं सगळं चहा गार व्हायच्या आत आवाजी मतदानाने मंजूर होतं. मग सासूबाई विचारतात, "उतरायचं कुठे?" आणि सगळे माझ्याकडे बघतात. गाडी नवरा चालवणार, पैसे दीर भरणार (म्हणजे नंतर पैपैचा हिशेब पाठवणार), पत्ते आणि बॅडमिंटन पुतण्या घेणार. घर मात्र मी शोधायचं. "तुला त्यातलं कळतं" असं म्हणून जी कामं गळ्यात मारली जातात, त्यांत पुरणपोळी आणि इन्शुरन्सच्या फॉर्मच्या शेजारी आता हेही येऊन बसलंय.

प्रत्येकाची अट एकच असते. "बाकी कसंही चालेल" हे त्या अटीचं पालुपद. सासऱ्यांना तळमजला हवा. सासूबाईंच्या गुडघ्यांना कमोड हवा. दिराला मासे हवेत. जावेला एसी हवा, आणि लाइट गेल्यावरही तो चालायला हवा. इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि एक दिवा चालतो, हे ज्ञान तिला एकदा ऐन मे महिन्यात रात्री दीड वाजता झालेलं आहे. मुलीला वायफाय हवं. नवऱ्याला खिडकीतून दिसेल अशी गाडी उभी करायला जागा हवी. झोपण्यापूर्वी तो गाडीकडे एकदा डोळे भरून बघतो, आणि त्या नजरेबद्दल मला जे वाटतं ते इथे लिहीत नाही. पुतण्याला स्विमिंग पूल हवा. समोर अख्खा अरबी समुद्र असताना पूल कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "काकू, समुद्राला घसरगुंडी नसते." यावर काय बोलणार?

मग मी मोबाइल घेऊन फोटो बघायला बसते. पर्यटन निवासांचे फोटो काढणाऱ्यांची एक परंपरा आहे. पलंगावर टॉवेलचे दोन हंस चोच जुळवून बसलेले असतात. झोपाळ्याचे चारही बाजूंनी काढलेले फोटो असतात. नारळाच्या झाडाखाली टेबल, टेबलावर शहाळं, शहाळ्यात स्ट्रॉ. बाथरूम मात्र कुठेच नसतं, किंवा असलाच तर फक्त चकचकीत नळाचा फोटो असतो. आम्हाला नळ नको असतो हो! कमोड आहे का, दारात पायरी किती उंच आहे, धरायला काही आहे का, एवढंच हवं असतं. "तुमच्या संडासाचा फोटो पाठवता का?" असं परक्या माणसाला फोनवर विचारायची मला आता लाज वाटत नाही. नवरा मात्र त्या वेळी उठून गॅलरीत जातो.

फोटोंमधून खरी माहिती काढायची तर हंस सोडून भिंती बघाव्यात. एका खोलीत पलंगामागे कालनिर्णय टांगलेलं होतं. बोटांनी चित्र मोठं केलं तर पान निघालं मे २०१६चं. म्हणजे ती गादीही निदान तेव्हाची. पलंगाजवळ प्लग किती आहेत तेही बघावं, कारण एका खोलीत चार माणसं आणि एकच प्लग असेल तर तिथे रात्री जे होतं ते कुठल्याच जाहिरातीत येत नाही. आणि खोली फारच लांबरुंद दिसत असेल तर फरशा मोजाव्यात. लेन्स खोटं बोलते, दोन फुटी फरशी खोटं बोलत नाही. त्या हिशेबाने एक 'प्रशस्त कौटुंबिक कक्ष' आमच्या स्वयंपाकघराएवढा भरला.

'सी व्ह्यू', 'सी फेसिंग' आणि 'सी टच' यांतला फरक कळायला मात्र थोडं कोकण कळावं लागतं. जुन्या कोकणी माणसाने घर रस्त्याकडे तोंड करून बांधलं आणि समुद्राकडे पाठ केली. खारा वारा, पावसाळ्यातलं उधाण, हे ज्याला रोजचं आहे तो त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसत नाही. आधी रस्ता, मग अंगण, ओटी, माजघर, पडवी, मागे नारळी-पोफळीची लांबच लांब वाडी, तिच्या टोकाला सुरूची झाडं, आणि त्यापलीकडे समुद्र. दिवेआगर असो की गुहागर, गावाची ठेवण साधारण हीच. त्यात १९९१च्या किनारा नियमन अधिसूचनेने खेड्यापाड्यांतल्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम जवळजवळ बंदच केलं होतं. नंतर नियम बदलत गेले, पण वाडीच्या अल्याडचं जुनं घर काही उठून पुढे गेलं नाही. तेव्हा 'सी व्ह्यू' म्हणजे गच्चीच्या एका विशिष्ट कोपऱ्यात उभं राहून दोन माडांच्या मधून दिसणारी निळी पट्टी. 'सी फेसिंग' म्हणजे समुद्र त्या दिशेला आहे. आणि 'सी टच'ला कोणी कोणाला कधी टच केलं, ते विचारू नये.

याचा अंतिम उलगडा फोनवरच होतो. कोकणातला घरमालक खोटं बोलत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. तो फक्त उत्तर देत नाही.

"काका, समुद्र किती लांब आहे?"

"हा काय इथेच."

"म्हणजे चालत किती?"

"वाडीतून उतरलात की समुद्रच."

"मिनिटं किती लागतील पण?"

"आता ते कोण चालतंय त्यावर आहे."

"गाडी दारापर्यंत येते ना?"

"गणपतीत टेम्पो ट्रॅव्हलर आलेली."

"मग अडचण नाही."

"येताना नाही आली."

"गरम पाणी?"

"सकाळी सात ते नऊ बंब पेटवलेला असतो. दुपारी टाकीतलंच तापतं, फुकट."

"कमोड आहे का हो? आमच्या सासूबाईंना..."

"आहे की. नवीन बसवलाय."

"आणि तिथे पायरी वगैरे?"

"पायरी आहे तर! चांगली उंच केल्ये. पाणी बाहेर येत नाही."

फोन ठेवल्यावर मी वैतागले होते, पण नंतर वाटलं, काकांचं चुकलं कुठे? उतरत्या वाळूचा किनारा, ओहोटीला पाणी हे एवढं आत जातं. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे समुद्र किती लांब, याचं उत्तर तिथीवर आणि घड्याळावर अवलंबून. ते काकांना माहीत होतं. मला 'पाच मिनिटं' असा आकडा हवा होता, कारण तो मला ग्रुपवर टाकायचा होता.

ग्रुपवर तोपर्यंत माशांचा प्रश्न पेटला होता. दिवेआगरात केळीच्या पानावर आमटी-भात, बिरडं आणि उकडीचे मोदक वाढणारी घरं वेगळी आणि सुरमई तळणारी घरं वेगळी. सासूबाई म्हणाल्या, "मला काही अडचण नाही, फक्त तवा वेगळा हवा." दीर म्हणाला, "तवा वेगळा म्हणजे कढई वेगळी, कढई वेगळी म्हणजे मालक वेगळा." तत्त्व म्हणून बरोबर होतं. त्याने वर अशीही सूचना केली की आपण तारीखच जूनच्या पहिल्या आठवड्यात ढकलू, दर उतरतात. मग त्याला कोणीतरी आठवण करून दिली की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. सूचना ज्या वेगाने मागे घेतली गेली, त्या वेगाने त्याने आजवर एकही हिशेब पाठवलेला नाही. शेवटी शाकाहारी घरी राहायचं आणि दिराने बाहेर जाऊन जेवून यायचं, असा तह झाला. काकांची हरकत नव्हती. "खाऊन या, पोट भरून या," म्हणाले, "फक्त पार्सल आत आणू नका. मांजर वेडी होते."

या धंद्याचं जगभर जे कौतुक चालतं त्याचं मला मनातून हसू येतं. २००७ साली सान फ्रान्सिस्कोत एका परिषदेमुळे हॉटेलं भरली होती, तेव्हा दोन तरुणांनी आपल्या भाड्याच्या घरात हवेच्या गाद्या पसरल्या, पाहुण्यांना पैसे घेऊन झोपवलं, सकाळी नाश्ता दिला. त्यातून एअरबीएनबी उभी राहिली. अनोळखी माणसांना ओळीने गाद्यांवर झोपवायचं आणि सकाळी पोहे द्यायचे, हे आमच्या आजोळी प्रत्येक लग्नात होत होतं. पैसे घ्यायचं तेवढं कोणाला सुचलं नाही. वेळासच्या लोकांना सुचलं, आणि छान सुचलं. तिथे कासव महोत्सवाच्या दिवसांत पुण्या-मुंबईची माणसं गावकऱ्यांच्या ओटीवर ओळीने झोपतात आणि सकाळी ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना बघायला गुमान उठून चालू लागतात. एसीचं नाव कोणी काढत नाही. कासवासाठी माणूस जे सोसतो ते नातेवाइकांसाठी सोसत नाही.

आता अभिप्रायांबद्दल. पाच चांदण्या देणारा बहुधा मालकाचा भाचा असतो आणि एक चांदणी देणाऱ्याचं बायकोशी भांडण झालेलं असतं. वाचावेत ते तीन चांदण्यांचे. ते लिहिणारे बँकेतून निवृत्त झालेले असतात, मुद्देसूद लिहितात, उशीची उंचीसुद्धा सांगतात. एका अशाच गृहस्थांनी लिहिलं होतं, "कोंबडा पहाटे साडेतीनला आरवतो." खाली मालकाचा खुलासा होता : "कोंबडा शेजाऱ्यांचा आहे." तेवढ्याने माझं समाधान झालं नाही, पण मालकाच्या न्यायबुद्धीबद्दल आदर वाटला.

आगाऊ रकमेची भीती मात्र खरी. जावेच्या ऑफिसमधल्या एकाने लोणावळ्याला पूल असलेला बंगला निम्म्या दरात मिळवला होता. लगेच सगळे पैसे भरा, दुसरी पार्टी थांबलीय, असा समोरच्याचा लकडा. भरले. शनिवारी मंडळी बॅगा, बर्फ आणि स्पीकर घेऊन पोचली. बंगला होता, पूल होता, आणि आत मूळ मालक सहकुटुंब वरणभात जेवत होते. त्यांनी आपला बंगला कोणालाच भाड्याने दिला नव्हता. फोटो कोणीतरी उचलले होते. अशा वेळी तासाभराच्या आत १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तर पैसे अडवले जाण्याची थोडी तरी आशा असते. या मंडळींचा तो तास मूळ मालकांना "तुम्ही इथे काय करताय?" हे विचारण्यात गेला. तेव्हापासून मी व्हिडिओ कॉल लावून घर चालत दाखवायला सांगते, खात्यावरचं नाव विचारते, आणि पैसे 'घेण्यासाठी' क्यूआर कोड स्कॅन करा म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करते.

हे सगळं करून उरलेल्या घरांतून एक निवडायचं कसं? माझी कसोटी साधी आहे. ज्याने आपणहून एक खोट सांगितली, त्याचं घर घ्यायचं. पूलवाल्याने सांगितलं, सगळं एक नंबर आहे. एसीवाल्याने सांगितलं, तक्रारीला जागाच नाही. काकांनी मात्र व्हिडिओ कॉलवर वाडी दाखवता दाखवता फोन एकदम कौलांकडे वळवला.

"एक सांगून ठेवतो हां ताई. वानर येतात. खिडकी उघडी टाकलीत तर साबण नेतात. मागल्या पाहुण्यांचा चष्मा नेला."

"मिळाला का परत?"

"चष्मा मिळाला. साबण नाही मिळाला."

मी ताबडतोब आगाऊ रक्कम पाठवली. तळमजला आहे, कमोड आहे (पायरीला आम्ही पाट लावू), गाडी येते, निदान आत येते. वायफाय शेजारच्या ओटीवर बसल्यास मिळतं. एसी आहे, लाइट असेपर्यंत. पूल नाही, पण पुतण्याला वानरांचं सांगितल्यावर त्याने पूलचं नावच टाकलं. ग्रुपवर 'घर ठरलं' असं लिहून मी मोबाइल उशीखाली ठेवला, तोच काकांचा फोन.

"ताई, आता माझे प्रश्न. रात्री दहानंतर स्पीकर लावणार का?"

"नाही हो."

"वाडीत पडलेला नारळ उचलणार का?"

"नाही."

"बरं. मोदक माणशी किती? आधी सांगायला लागतं, आमच्या हिला नारळ खोवायचा असतो. उद्या दुपारपर्यंत कळवा."

मी ग्रुपवर टाकलं : "मोदक कोणाला किती?" पहिलं उत्तर सासऱ्यांचं आलं, "तीन." दुसरं सासूबाईंचं, "त्यांना एक." तिसरं दिराचं, "तळणीचे मिळतील का, विचार ना."