स्पीडगन वसुलीसाठी? आधी ती कुठे उभी आहे ते बघा

नागपूरच्या व्हॉट्सॲप गटांत हा मजकूर सारखा फिरत असतो: "वेगाचे चालान म्हणजे तिजोरी भरण्याचा धंदा. मशीन वाटेल तो आकडा दाखवते, पोलीस पुलाच्या उतारावर लपून बसतात, अपघात तर खड्ड्यांमुळे होतात, आणि जर्मनीत वेगमर्यादाच नाही." लपून बसण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, त्याकडे येऊच. बाकीचे चूक आहे, आणि ते खरे मानणारा माणूस रस्त्यावर जीव घेऊ शकतो.

मशीनपासून सुरुवात करू. लेझर गन अदृश्य प्रकाशाचे शेकडो झोत सोडून गाडीचे अंतर पुनःपुन्हा मोजते आणि ते किती झपाट्याने घटते यावरून वेग काढते. अर्ध्या सेकंदाच्या आत हे काम होते. पोलीस रस्त्याच्या कडेला असतो, म्हणून किरण गाडीला तिरपा लागतो आणि वेग खऱ्यापेक्षा कमी भरतो. ८० च्या वेगाने येणारी गाडी २० अंशांच्या कोनातून मोजली तर आकडा ७५ येतो. ही चूक चालकाच्या फायद्याची. तोट्याची चूकही होऊ शकते. मोजताना हात हलला आणि किरण समोरच्या काचेवरून खाली नंबरप्लेटकडे घसरला, तर अंतर जास्तच घटल्यासारखे दिसते आणि वेग फुगतो. चांगले यंत्र असे वाचन रद्द करते, तरीही गन स्टँडवर लावलेली बरी. शेजारच्या गाडीचा वेग माझ्या नावावर आला, ही तक्रार लेझरच्या बाबतीत फारशी टिकत नाही, कारण ३०० मीटरवरही किरण जेमतेम मीटरभर रुंद असतो. रडारचा झोत मात्र पसरट असतो, तिथे फोटोत एकच गाडी आहे का हे बघावे.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. गाडीचा स्पीडोमीटर वेग थोडा वाढवूनच दाखवतो, कमी दाखवायची त्याला मुभा नसते. मोठे टायर बसवून घेतले असतील तर मात्र हा हिशेब उलटतो.

आता उतार. वर्धा रोडचा डबलडेकर पूल तीन किलोमीटरहून जरा लांब, सरळ आणि मध्ये एकही सिग्नल नसलेला. वर गाडी आपोआप ७०-८० ला जाते, उतारावर ॲक्सिलरेटर न दाबताही वेग टिकतो, आणि खाली उतरताच सिग्नल, ऑटो, थांबलेली शहर बस ('आपली बस') आणि रस्ता ओलांडणारी माणसे. गन उभी करायला याहून योग्य जागा नाही. कोरड्या रस्त्यावर दीड सेकंदाचा प्रतिक्रियेचा वेळ धरला तर ६० च्या वेगाची गाडी साधारण ४५ मीटरमध्ये थांबते. तिथेच ७० ची गाडी असेल, तर ४५ व्या मीटरवर तिचा वेग अजून ४५ असतो. जी गाडी माणसाच्या पायाशी थांबली असती, ती त्याला ४५ च्या वेगाने उडवते. फरक फक्त १० चा.

पण लपणे चूकच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७-ए हा नियम २०२१ साली आला. कॅमेऱ्याने टिपल्या जाणाऱ्या टप्प्याआधी ठळक फलक हवा, यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि ते दरवर्षी नव्याने घ्यायला हवे, गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत जायला हवी, असे त्यात स्पष्ट आहे. शहरात कारला केंद्राची कमाल मर्यादा ७० आणि दुचाकीला ६० आहे. त्याहून कमी ठेवायची असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे रस्त्यावर तसा फलक लागतो. पुलाच्या उतारासाठी तो फलक चढावाआधी हवा, उतरल्यावर नव्हे.

खड्ड्यांचे म्हणाल, तर २०२२ मध्ये देशात खड्ड्यांमुळे १,८५६ माणसे गेली. अतिवेगाच्या नावावर १,१९,९०४ मृत्यू आहेत. हा दुसरा आकडा आम्हीही जसाच्या तसा घेत नाही, कारण पंचनाम्यात "अतिवेग" लिहिणे सोपे पडते. तरी निम्मा केला तरी अंतर प्रचंड उरते. शिवाय खड्डा ४० ला दिसतो, ८० ला चुकवता येत नाही.

जर्मनीत ऑटोबानच्या, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गांच्या, मोठ्या भागावर सक्तीची मर्यादा नाही, हे खरे. गावात मात्र ५० ची आहे आणि कॅमेरे जागोजागी आहेत.

राहिली तिजोरी. दंड राज्याच्या तिजोरीत जातो, हे नाकारायचे कारण नाही. हलक्या वाहनाला कलम १८३ खाली १ ते २ हजार, जड वाहनाला २ ते ४ हजार. पण पेट्रोलवरच्या करापुढे ही रक्कम किरकोळ, आणि त्यातही ई-चालानांची मोठी थकबाकी. आमच्या मते कसोटी वेगळी आहे. कॅमेरा काम करत असेल तर लोक हळू जाऊ लागतात आणि त्या जागेची चालाने घटत जातात. महिन्यामागून महिने तितकीच फाटत असतील, तर एक तर फलक दिसत नाही किंवा रस्ताच वेगाला आमंत्रण देतो आहे. तिथे गाडीला हादरे देणाऱ्या रंबल पट्ट्या लावायच्या, लेन अरुंद करायची. नुसती पावती फाडत राहणे ही मात्र वसुलीच.

म्हणून माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा: त्या ५०० मीटरच्या टप्प्यात गेल्या तीन वर्षांतले प्राणघातक आणि गंभीर अपघात (असे ५ अपघात किंवा १० मृत्यू झाले की ती जागा ब्लॅकस्पॉट ठरते), गन लावण्याआधीचा आणि नंतरचा प्रत्यक्ष मोजलेला वेग, आणि यंत्राच्या प्रमाणपत्राची तारीख. स्वतःचे चालान चुकीचे वाटत असेल तर फोटो, नंबरप्लेट, ठिकाण, वेळ आणि तिथली मर्यादा तपासून महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करा, पण दंड भरण्याआधी. एकदा पैसे भरले की प्रकरण तडजोडीने मिटलेले धरले जाते.